हजार आठ पुस्तकांचा नवस

सुपातली ज्वारी अर्धी निवडून झाली होती, अर्धी राहिली होती. आणि कोणती अर्धी झाली नि कोणती राहिली, हेच अन्नपूर्णाबाईंना समजेनासं झालं होतं. गणपती बुडून चार दिवस झाले तरी उकाडा काही हटत नव्हता. ओसरीत ऊन आलं होतं, उजेडाला काही कमी नव्हतं. पण त्या उजेडातही खडा आणि दाणा दोन्ही एकाच रंगाचे दिसत होते, दुधात भिजवून काढल्यासारखे.

आदल्या दिवशी जेवताना अंकितच्या दाताखाली खडा आला होता. पोरगा काही बोलला नाही. खडा काढून त्याने ताटाच्या काठावर ठेवला आणि पुढचा घास घेतला. ओरडला असता तर बरं झालं असतं. न बोलता ठेवलेला तो खडा अन्नपूर्णाबाईंना दिवसभर टोचत होता, म्हणून आज सूप घेऊन बसल्या होत्या. पण आता दुपारची पुस्तकाची वेळ झाली होती. सूप तसंच भिंतीला टेकवून त्या उठल्या, हातपाय धुतले, देवाजवळचं निरांजन लावलं, पाट घेतला आणि पुस्तक उघडलं.

बोरगाव मेघेत त्यांच्या गल्लीत हे सगळ्यांना पाठ होतं. सकाळी पोरगा गाडीवर बसून कामाला निघाला की एक बैठक, दुपारी एक आणि संध्याकाळी तो परत येईपर्यंत तिसरी. पोथीला बसावं तसं. फरक एवढाच, की पाटासमोर पोथी नसे. कधी कादंबरी असे, कधी प्रवासवर्णन, कधी शेळीपालन.

हे सुरू झालं त्याला आता सात वर्षं होत आली. अंकित तेव्हा बारावीत होता. मित्राच्या गाडीवर मागे बसून हिंगणघाटकडून येताना ट्रकचा धक्का लागला. मित्राचा पाय मोडला, अंकितच्या डोक्याला मार बसला. सेवाग्रामच्या दवाखान्यात पोरगा डोळे मिटून पडला होता आणि डॉक्टर म्हणत होते, वाट पाहा. अन्नपूर्णाबाई नेसत्या लुगड्यानिशी धावलेल्या. पोथी घरी देव्हाऱ्यात राहिली. हाताला दुसरं काही काम नाही, जिभेवरचं नामस्मरणही भीतीने अडखळायचं. बाकावर कुणाचं तरी एक पुस्तक पडलं होतं, पुढचं पान फाटलेलं. जहाजावर नोकरीला लागलेल्या एका पोराची गोष्ट होती. त्यांनी ते उचललं, कपाळाला लावलं आणि मनात म्हणाल्या, गणराया, पोथी नाही जवळ, तर तू यातच बस.

नववीनंतर त्यांनी पोथी आणि पेपर सोडून काही वाचलं नव्हतं. दुपारी सुरू केलेलं पुस्तक दिवेलागणीला संपलं. शेवटचं पान मिटलं आणि आतून सिस्टर आली, म्हणाली, "मावशी, तुमच्या मुलानं पाणी मागितलं."

आता याला योगायोग म्हणणारे म्हणोत. अन्नपूर्णाबाईंनी तिथेच, त्या फिनाइलच्या वासात, केळझरच्या गणपतीला कबूल केलं: अशी एक हजार आठ पुस्तकं वाचीन. सहस्रनाम म्हणतात तसं. पोराला सुखरूप ठेव. ज्याच्यासाठी नवस त्याला सांगायचं नसतं, म्हणून अंकितला सांगितलं नाही. नवरा कवडूजी एस.टी.त कंडक्टर होते, त्यांना तेवढं सांगितलं. कवडूजी म्हणाले, "हजार आठ? अवं, एकवीस मोदकांत भागलं असतं. गणपतीबी वाचत नसन एवढं."

हसण्यावारी गेलं ते. पण बोललेला नवस कुठे हसण्यावारी जातो?

नवस म्हटला की नेम आला. चौकाजवळ सार्वजनिक वाचनालय होतं, दोन खोल्यांचं. तिथलं पहिलं कपाट, वरचा कप्पा, डाव्या हाताचं पहिलं पुस्तक, तिथून सुरुवात. पुढे जे येईल ते घ्यायचं. आवडनिवड करायची नाही. आवडीचं वाचलं तर तो छंद झाला, नवस कसला? पोथीत जसं अक्षर सोडत नाहीत, तसं इथेही सोडायचं नाही. पहिल्या पानावरचं छापखान्याचं नाव, किंमत, आवृत्ती, शेवटच्या पानावरच्या दुसऱ्या पुस्तकांच्या जाहिराती, सगळं. हातात घेतलेलं अर्धं टाकायचं नाही आणि मध्ये खंड पडू द्यायचा नाही.

असं करता करता त्यांनी संत्र्यावरच्या डिंक्या रोगाचं पुस्तक वाचलं, बुद्धिबळाचं वाचलं, मूळव्याधीचं वाचलं. भुतांच्या गोष्टी वाचल्या त्या दिवशी घरभर अंगारा लावला. एक जरा चावट कादंबरी आली, तेव्हा डोक्यावरून पदर घेऊन, खाली मान घालून वाचली आणि प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला देवाला सांगितलं, "बाप्पा, तू ऐकू नको, नुस्तं मोज."

मोजणीही वातींची. आंजीला त्यांचं माहेर, भावाच्या शेतातली कापसाची पिशवी दरवर्षी येई. पुस्तक संपलं की सरकी काढून एक फुलवात वळायची आणि पितळी डब्यात टाकायची. हजार आठ झाल्या की केळझरला नेऊन एकदम लावायच्या. डबा भरला, दुसरा घेतला, तोही भरला. आता तिसरा सुरू होता. नऊशेच्या पुढे बऱ्याच गेल्या होत्या.

शेजारच्या प्रमिलाबाई भिंतीवरून डोकावत. "काय वो अन्नपूर्णाबाई, इतकं वाचून सोडलं, वर गेल्यावर तुमाले मास्तरीण ठेवतीन का काय?"

"ठेवलं तं तुमचं नाव पह्यले टाकतो वर्गात," अन्नपूर्णाबाई म्हणत. "तुमाले शिस्तीची गरज आहे."

तेव्हा असं बोलायला जीव होता. पहिल्या शे-दोनशे पुस्तकांना तर अंगात नुसतं वारं भरलं होतं. भाकरी थापता थापता त्या कवडूजींना गोष्टी सांगत. हिमालयात काय दिसतं, मुंगीला किती पाय असतात, कोणत्या राजाने कोणाला फसवलं. कवडूजी जेवताना विचारत, "मंग? त्या बाईचं काय झालं?" एका पुस्तकातली विधवा बाई तर त्यांना फार आवडली होती. एकटीने विहीर खणून घेतली होती तिने. ते पुस्तक पुन्हा एकदा वाचावं असं कितीदा वाटलं. पण परत वाचलेलं धरायचं कसं? पुढचं वाट पाहत होतं. त्याच्या पुढचंही होतं.

मग कधी कोण जाणे, पुस्तकांचं दळण झालं. एक टाकायचं, एक काढायचं. वरून घातलेलं खालून बाहेर पडे, मध्ये काही राहत नसे. कवडूजी रिटायर होऊन घरी बसले, आता ऐकायला वेळच वेळ होता, पण "आज काय वाचलं?" असं विचारलं की अन्नपूर्णाबाईंना सांगता येत नसे. "होतं काहीतरी," म्हणत. ओळी संपल्या पाहिजेत, पान उलटलं पाहिजे, वात पडली पाहिजे. मानेत कळ येई, मांडी भरून येई. डोळे मिटले तरी मिटल्या पापण्यांच्या आत ओळी चालतच राहत, मुंग्यांसारख्या. देवापुढे बसल्या की पूर्वी कसं शांत वाटे. आता देवापुढे बसल्या की आठवे, किती राहिली.

वर्षभरापासून डोळ्यांवर साय धरल्यासारखं झालं. डॉक्टरांनी पाहिलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पिकलेला. आधी एका डोळ्याचं ऑपरेशन करू, मग दुसऱ्याचं. त्या दिवसांत वाचायचं नाही, वाकायचं नाही, चुलीच्या धगीला जायचं नाही.

वाचायचं नाही, एवढंच अन्नपूर्णाबाईंनी ऐकलं. खंड पडणार.

पहिली तारीख मिळाली तेव्हा म्हणाल्या, एकादशी आहे. दुसरी मिळाली तेव्हा आतेभावाच्या मुलीचं लग्न निघालं. तिसऱ्यांदा कवडूजींनी तारीखच विचारली नाही. एवढंच म्हणाले, "डोळे नाई म्हणून वाचणं होत नाई, अन् वाचणं झालं नाई म्हणून डोळे करत नाई. हे कोन्या डेपोचं टाइमटेबल आहे वो?"

त्यांनाही समजत होतं की यात काही अर्थ नाही. पण अंकित आता जामच्या चौकात, गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात कामाला होता. रोज तोच हायवे, तेच ट्रक, वर मोटरसायकल. सकाळी गाडीचा आवाज गल्लीच्या टोकाला विरला की अन्नपूर्णाबाई पाटाकडे धावत आणि पुस्तक उघडल्याशिवाय दुसऱ्या कामाला हात लावत नसत. सात वर्षांत पोराला खरचटलं नव्हतं. आता काठाशी येऊन दोर सोडायचा? आपल्या डोळ्यांसाठी? तीस-चाळीस तर राहिली. तेवढी झाली की मग डोळे जावोत नाहीतर राहोत.

तर त्या दुपारी त्या पाटावर बसल्या. पुस्तक पातळ होतं, शेवटचीच पानं राहिली होती. बोट ओळीखाली धरून, कधी पुस्तक खिडकीकडे वळवून, कधी नाकाशी आणून त्यांनी ते संपवलं. कादंबरी होती. काही समजलं नाही फारसं. समजण्याची अट नवसात नव्हती. वात वळली, डब्यात टाकली, पुस्तक पिशवीत घातलं आणि वाचनालयात निघाल्या.

वाचनालयात रीता मेश्राम बसे. तिशीतली, चटपटीत, अन्नपूर्णाबाईंना काकू म्हणणारी. ही एकच बाई होती जिने इतक्या वर्षांत एकदाही "कशाला वाचता?" असं विचारलं नव्हतं. त्या आल्या की ती पुढचं पुस्तक काढूनच ठेवी. आज मात्र तिच्यापुढे पुस्तकांचा ढीग होता. पावसात छत गळलं होतं आणि त्या कपाटातल्या प्रत्येक पुस्तकाचं पान न् पान ती उलटून पाहत होती.

"द्या काकू. झालं वाचून?"

"हाव, झालं."

रीताने सवयीने पुस्तक चाळलं. मध्येच थांबली. नखाने काही उकलून पाहिलं, मग पुस्तक उजेडाकडे धरलं.

"काकू, हे सारं वाचलं तुमी?"

"छापखान्याच्या नावासकट. काऊन?"

रीता हळूच म्हणाली, "हे मधातले पानं चिपकून आहेत. चांगलं जाड पुडकं आहे. हे उघडलेलेच नाई कोणी."

अन्नपूर्णाबाईंनी हात पुढे केला. डोळ्यांना ते कळलं नसतं, पण बोटांना कळलं. एका पानाच्या जागी पुठ्ठ्याएवढं जाड काहीतरी होतं. कधीतरी पाणी शिरून चिकटलेलं. त्यांनी ते एकच पान समजून उलटलं होतं. अर्धी गोष्ट उलटली होती. पानाचे आकडे त्यांना दिसत नव्हतेच.

त्या बाकावर बसल्या. पदराचं टोक तोंडाशी धरलं. या पुस्तकाची वात डब्यात पडली होती. खोटी वात. आणि ही एकच कशावरून? वर्षभर डोळ्यांवर साय होती. कोणत्या पुस्तकाची किती पानं अशी जोडीने गेली असतील? किती ओळींवरून बोट फिरलं आणि नजर फिरलीच नाही? शंभर वाती खोट्या? दोनशे? त्या हिशेबाला कुठे अंतच नव्हता. आणि पोरगा या घडीला जामच्या चौकात होता.

"काकू, पाणी घेता?"

"मी देवाले फसवलं वो, रीता."

मग कवडूजींशिवाय जे कधी कुणाला सांगितलं नव्हतं, ते बाहेर पडलं. दवाखाना, बाक, जहाजावरचा पोरगा, हजार आठ, वाती. रीता ऐकत होती आणि ऐकता ऐकता तिने टेबलावरची लोखंडी पट्टी घेतली, चिकटलेल्या पानांत सरकवली आणि एकेक पान सोडवायला लागली, जिलबी कढईला लागली की सोडवतात तसं, मोडू न देता. सगळी सुटल्यावर ती बाकावर त्यांच्या शेजारी येऊन बसली आणि काही न विचारता मोठ्याने वाचायला लागली.

गोष्टीतल्या घरात थोरला दीर होता. कलकत्त्याला पळून गेलेला, मेला म्हणून सगळ्यांनी धरलेला. चिकटलेल्या पानांत तो परत येत होता. बायकोने त्याला दारातच अडवलं होतं आणि दोघांचं जोरदार भांडण चाललं होतं.

"अस्सं!" अन्नपूर्णाबाई डोळे पुसता पुसता म्हणाल्या. "मी म्हणतो हा बुवा घरात आला कुठून! पुढे पाहा तं ताटावर बसून जेवून राह्यला. मले वाटलं नव्या फॅशनची कादंबरी असन."

रीताला हसू आवरेना. अन्नपूर्णाबाईंनाही थोडं आलं, पण टिकलं नाही.

"तू वाचलं," त्या म्हणाल्या. "मी कुठं वाचलं?"

"काकू, आमच्या विहारात आता वर्षावास सुरू आहे. आषाढी पौर्णिमेपासून, तीन महिने. रोज संध्याकाळी एक जण ग्रंथ वाचते, बाकी सारे ऐकते. माही आजी आहे ना, अनुसयाबाई, तिले अक्षर नाई येत. पण एक दिवस चुकवत नाई. ग्रंथ संपते त्या दिवशी खीर असते अन् आजी साऱ्याच्या पुढे बसते. तिले म्हणून दाखवा बरं कोणी, का आजी, तुवा ग्रंथ नाई वाचला! काठीच घेईन."

"ते तुमचं वेगळं. हा नवस आहे. माह्या तोंडानं बोलली, तं माह्याच डोळ्यानं व्हाले पाह्यजे."

"बरं," रीता म्हणाली. वाद घालण्याची तिची पद्धत नव्हती. तिने पुढचं पुस्तक त्यांच्या पिशवीत ठेवलं. कोंबड्यांचे रोग. "उन्हाचं जपून जाजा."

घर काही लांब नव्हतं, पण त्या दिवशी रस्ता सरता सरेना. पिशवीतलं पुस्तक पातळ असूनही खांदा ओढत होतं. चालता चालता त्यांना आंजीच्या देवळातला सप्ताह दिसायला लागला. त्यांचे बाबा, तानबा. अंगठेबहाद्दर माणूस. सप्ताहात खांबाला पाठ टेकून सातही दिवस पोथी ऐकायला बसत. वाचणाऱ्याचा घसा बसला की दुसरा पुढे होई, ओळ तिथूनच उचले. बाबा जागचे हलत नसत. गावात म्हणत, तानबाचं यंदाचं पारायण झालं. समाप्तीला लोक वाचणाऱ्याच्या पाया पडत आणि बाबांच्याही पडत. बाबांनी कुठे वाचलं, असं कोणी म्हटल्याचं त्यांना आठवेना. लहानपणी त्यांनाही कधी तशी शंका आली नव्हती. ती आता या वयात, नऊशे पुस्तकं वाचून आली होती.

घरी आल्या त्या तशाच देव्हाऱ्यापुढे गेल्या. डब्यातली सगळ्यात वरची वात काढली आणि बाजूला ताटलीत ठेवली. आत टाकायला धजत नव्हत्या, फेकवतही नव्हती.

संध्याकाळी अंकित आला. खुंटीला हेल्मेट टांगलेलं होतं, तसंच, महिनोन्महिने. त्यात अन्नपूर्णाबाई कपड्यांचे चिमटे ठेवत. हातपाय धुऊन तो बसला तर आई चुलीपाशी नाही, पाटावरही नाही. ओसरीच्या पायरीवर नुसती बसलेली. सूप भिंतीला.

"काय झालं?"

"काही नाई," कवडूजी म्हणाले. "पुस्तकाचे पानं चिपकले होते. म्हणून गणपती रागावला आहे."

"तुमी गप बसा!" अन्नपूर्णाबाई म्हणाल्या.

अंकितने चहाचा कप खाली ठेवला. "आई, किती राह्यले आता?"

त्यांनी एकदम त्याच्याकडे पाहिलं. "कशाचे किती?"

"आता काऊन लपवतं? बोरगावातल्या कुत्र्यालेबी माहीत आहे. प्रमिला मावशीनं तं मले कॉलेजातच सांगतलं होतं."

अन्नपूर्णाबाईंनी प्रमिलाबाईंच्या भिंतीकडे मान वळवली. सात वर्षं ओठांवर बोट ठेवून सांभाळलेली गोष्ट, आणि ती भिंतीवरून केव्हाच पलीकडे उडी मारून गेली होती.

"तुले सांगाचं तं नसते ना," त्या म्हणाल्या.

"तू नाईच सांगतलं." अंकित खाली पाहत बोलला, "मीबी एक सांगतो. रागावजो नको. जामकडे जाताना समोरून ट्रक येते, बाजूले जागा नसते. दुसरा असता तं थांबला असता. मी मनात म्हणतो, आई वाचून राह्यली आहे, मले काही होत नाई. अन् पिळतो गाडी."

कवडूजींनी डोळ्यांवरचा चष्मा काढला.

अन्नपूर्णाबाई उठल्या. दिसत नव्हतं तरी खुंटी बरोबर सापडली. हेल्मेट काढलं आणि उलटं केलं. चिमटे फरशीवर खडखड करत सांडले. ते हेल्मेट त्यांनी पोराच्या मांडीवर असं आपटलं की तो कळवळला.

"मी इथं डोळे जाळून राह्यली अन् तू तिथं गाडी पिळून राह्यला? त्या देवानं तरी किती पाह्यचं? मले पाह्यचं का तुह्या मागं पळाचं?"

"घालतो ना. रोज घालतो. शप्पथ." अंकितने हेल्मेट दोन्ही हातांनी धरलं. "पण तू डोळे करजो."

"खंड पडन."

"पडत नाई. तू ऐकजो, मी वाचतो. सकाळी निघाच्या पह्यले थोडं, आल्यावर थोडं. दुपारचं बाबा."

"तुह्यासाठीचा नवस अन् तूच वाचशीन? नवरदेवानं स्वतःवरच अक्षता टाकाव्या तसं होईन ते."

"टाकते का नाई?" कवडूजी म्हणाले. "मी नाई टाकल्या होत्या? तुह्या डोक्यावर टाकल्या, अर्ध्या माह्याच फेट्यावर पडल्या. लग्न लागलंच ना?"

अन्नपूर्णाबाई पुन्हा पायरीवर बसल्या. थकल्या होत्या. रागवायलाही जी ताकद लागते, ती त्या एका आपटण्यात संपली होती. देवाला विचारायला हवं होतं, पण विचारून उत्तर यायचं कसं? तेही पूर्वी कधी पोथीतून यायचं, आता तीही डोळ्यांना दिसत नव्हती. मग त्यांना खांबाला टेकून बसलेले बाबा आठवले. डोळे मिटलेले, हात जोडलेले, आणि तोंडावर ते शांतपण. इतकी पुस्तकं वाचून त्यांच्या स्वतःच्या तोंडावर ते एकदाही आलं नव्हतं.

"पिशवीत आहे," त्या म्हणाल्या. "हात धुऊन घ्या आधी."

कवडूजींनी हात धुतले, टोपी घातली, निरांजन लावलं आणि पाटावर बसले. तीस वर्षं गाडीत "पुढे चला, पुढे चला" म्हटलेला आवाज. कोंबड्यांचे रोग त्यांनी असे वाचायला घेतले, जसं काही आंजीच्या स्टॉपवर उतरणाऱ्यांना पुकारत होते.

"छापखान्याचं नाव सोडलं तुमी."

"तेबी?"

"तेबी. अन् किंमत."

कवडूजींनी छापखाना वाचला, किंमत वाचली, आवृत्ती वाचली. मग कोंबडीला मान मुरगळायचा रोग कशाने होतो ते वाचलं. अन्नपूर्णाबाई खांबाला पाठ टेकून बसल्या होत्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच एक पुस्तक त्यांनी न ढकलता आपसूक आत येत होतं. मानेतली कळ तशीच होती. मांडीतली ओढही होती. तरी कुठेतरी काही ढिलं सुटल्यासारखं झालं आणि डोळा लागायला लागला.

कवडूजी थांबले. "झोपली का?"

"नाई. वाचा. त्या शेवटच्या दोन ओळी परत वाचा."

त्यांनी परत वाचल्या. अंकितने भिंतीला टेकवलेलं सूप मांडीवर ओढलं होतं आणि ज्वारी निवडत होता. त्याला ते जमत नव्हतं. खड्याबरोबर दाणेही टाकत होता, अर्धे फरशीवर, चिमट्यांच्या शेजारी. अन्नपूर्णाबाईंना आवाजावरून समजत होतं, पण त्यांनी त्याला हटकलं नाही.

पाठ संपल्यावर त्या उठल्या, चाचपडत देव्हाऱ्यापाशी गेल्या. ताटलीतली वात उचलली. बोटांनी पुन्हा एकदा पिळून घट्ट केली, जरा वेळ हातात धरली आणि डब्यात टाकली. मागच्या वर्षभराच्या वातींचं काय, ते त्यांनी गणपतीवर सोडलं. त्यालाही काही काम हवंच.

"अवो," त्या कवडूजींना म्हणाल्या, "उद्या सकाळी मले सेवाग्रामले घेऊन चला. डोळ्याची तारीख घ्याची आहे. अन् जाताना ही ज्वारी चक्कीवर टाकून देऊ."